लाइन दोनवर सावंतबाई

मुरलीधर नवाथे दर शनिवारी पावणेदहाला घराबाहेर पडतात हे सगळ्या घराला ठाऊक होतं, म्हणून सगळे साडेदहाला आले.

शारजातल्या रोल्ला भागातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची एक किल्ली सिद्धांतकडे पहिल्यापासून होती, पण आई होती तोवर ती कधी वापरावी लागली नव्हती. लिफ्टचा आवाज ऐकूनच आई दार उघडायची. आज त्याने किल्ली कुलपात घातली तेव्हा ती दोनदा हिसडल्यावर फिरली. मागे त्याची बायको अनुपमा, पंधरा वर्षांची मुलगी ईशानी आणि अल ऐनहून दीड तास गाडी हाकत आलेला नागेशकाका असे तिघं उभे होते. घुसखोरांना असते तशी एक चूपचाप शिस्त तिघांनीही पाळली होती.

ज्या माणसाचं पुढे काय करायचं ते ठरवायचं, तो अजमानच्या स्टुडिओत माईकपुढे बसलेला असताना त्याच्याच घरी बैठक भरवायची, याला सिद्धांत प्लॅनिंग म्हणत होता. अनुपमाला दुसरा शब्द सुचला होता, पण तो तिने गाडीतच गिळला होता.

घर नीटनेटकं होतं. तेच जास्त वाईट होतं. ओट्यावर एक कप, एक बशी, एक चमचा. फ्रिजमध्ये दूध, अर्धं लिंबू आणि स्टीलच्या डब्यात कालची खिचडी. मुरलीधरांची बायको रंभा मार्चमध्ये गेली, त्याला आठ महिने झाले होते, आणि तिच्या मिसळणाच्या डब्यातली हळद अजून तेवढीच होती. अनुपमाने डबा उघडून पाहिला आणि पटकन बंद केला.

"बसा सगळे," सिद्धांत म्हणाला. ऑफिसातली मीटिंग असावी तसा तो उभाच राहिला. "बाबा साडेबारापर्यंत येतील. त्याच्या आत आपलं एक मत व्हायला हवं. या फ्लॅटचा टेनन्सी काँट्रॅक्ट तीस तारखेला संपतोय. मी रिन्यू करत नाहीये."

"मग दादा राहणार कुठे?" नागेशकाकाने विचारलं.

"पुण्याला. बावधनचा फ्लॅट रिकामाच आहे. चोवीस तास माणूस ठेवू. मी सगळं अरेंज केलंय."

"आणि त्याचा रेडिओ?"

सिद्धांतने भिंतीकडे पाहिलं. "रेडिओ आजच संपणार आहे, काका. मॅनेजरचा मला फोन आला होता. त्यांनी बाबांना तीन शनिवार दिले होते. मुलाखत झाल्यावर लाइन ओपन करतात ना, त्यात कॉल आले तर प्रोग्रॅम राहील, नाहीतर खलास, तो तास दुसऱ्या भाषेला जाणार. गेल्या दोन शनिवारी एकही कॉल नाही. आज तिसरा."

अनुपमा हातातली पर्स खाली ठेवायची विसरली. "बाबांना माहितीये हे?"

"त्यांना पत्र मिळालंय."

"आणि तुला हे केव्हापासून माहितीये?"

"एकवीस दिवस."

"एकवीस दिवस तू माझ्या शेजारी बसून जेवतोयस, सिद्धांत."

"म्हणूनच आत्ता सांगतोय. आणि एक गोष्ट. आज घरातल्या कुणीही तिथे फोन करायचा नाही. दया म्हणून एक कॉल जाईल, प्रोग्रॅम तीन महिने लोंबकळेल आणि आपण परत इथेच येऊन बसू. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

ईशानी दिवाणावर पाय वर घेऊन बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "आजोबा डझन्ट नो वी आर हिअर, राइट?"

"नाही."

"वॉव," ती म्हणाली, आणि परत फोनमध्ये गेली.

नागेशकाकाला बोलायचं होतं, पण काय ते त्याला नीट ठरवता येईना. पुणं ठीक आहे असं तो म्हणाला खरा, आणि लगेच त्याला स्वतःचाच राग आला. भावाला 'माझ्याकडे चल' एवढे दोन शब्द त्याला आठ महिन्यांत म्हणता आले नव्हते. अल ऐनच्या त्याच्या घरात सासूबाई होत्या, त्यांचा पलंग होता, त्यांची नर्स होती. कारणं सगळी खरी होती. वहिनी गेल्यापासून तो इथे दोनदाच आला होता, एकदा तेराव्याला आणि एकदा गाडीचे टायर बदलायला शारजात आला होता तेव्हा. दादा पुण्याला गेला की आपण बोलावलं नाही हा प्रश्नच उरणार नाही, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला लाज वाटली. तो उठला आणि त्याने फ्रिजवर ठेवलेला रेडिओ लावला.

"निदान ऐकू तरी," तो म्हणाला.

"नमस्कार," रेडिओतून मुरलीधरांचा आवाज आला, घरातल्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण. "'सतरंजी' या कार्यक्रमात आपलं स्वागत. या, बसा, सरकून घ्या."

एकोणीस वर्षं हे असंच सुरू व्हायचं. आधी शुक्रवारी, मग इथली सुट्टी बदलली तेव्हा शनिवारी. महाराष्ट्रातून आलेला पुढारी, नाटकवाला, कीर्तनकार, मंडळाच्या गणपतीची अध्यक्षीण, कामगारांच्या कॅम्पात राहून भजनी मेळा चालवणारा गवंडी, जो सापडेल त्याला मुरलीधर सतरंजीवर बसवायचे. आखाती कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात पेन्सिली झिजवलेला हा माणूस घरी दिवसाला वीस वाक्यं बोलत असेल नसेल, पण माईक दिसला की मोकळा व्हायचा. मात्र एक खोड होती. पाहुण्याला अडचणीत टाकणारा प्रश्न त्यांच्या तोंडून निघायचा नाही. शाळेत असल्यापासून त्यांना कुणाचं मन मोडता आलेलं नव्हतं.

आजचे पाहुणे माजी आमदार रामचंद्रराव घारे होते, मंडळाच्या दिवाळी फराळासाठी आलेले.

"साहेब, तुमच्या तालुक्यातल्या नऊ शाळा पटसंख्येअभावी बंद झाल्या म्हणतात."

"बंद नाही, मुरलीधरजी, समायोजन. आमचं सरकार असतं तर हा शब्दही आला नसता."

"तुमचं सरकार होतं तेव्हा किती...? बरं असो. दशावताराच्या मंडळांना मदत मिळते का आता?"

'बरं असो' म्हणताना मुरलीधरांनी काचेपलीकडे पाहिलं. पलीकडे अबरार बसला होता, लखनौचा, अकरा वर्षं या तासाचं तंत्र सांभाळणारा. त्याला मराठीत फक्त 'सरकून घ्या' कळायचं, पण मुरलीधर कुठे कच खातात ते बरोबर कळायचं. आज त्याने मान हलवली नाही. त्यालाही पत्राबद्दल माहीत होतं.

'बरं असो' म्हणून सोडलेला प्रश्न पूर्वी वाया जात नसे. लाइन उघडली की पहिला फोन ठरलेला असायचा. "शारजाहून सावंतबाई बोलतंय. मुरलीधरराव, सायबांक चाय दिलात, आता जरा प्रश्न पण इचारा." आणि मग बाई जो विचारायच्या तो अवघड प्रश्न. अर्धी मालवणी, अर्धी शुद्ध, टोक मात्र पुरेपूर. एका मंत्र्याला त्यांनी त्याच्याच गावच्या एस्टीचं वेळापत्रक विचारलं होतं आणि तो चार मिनिटं टोलवत राहिला होता. बाईंचं झालं की लोकांचे फोन सुरू व्हायचे, बहुतेक बाईंशी भांडायला. दुबईतली बँकवाली, अल कूझचे वेल्डर, नुकत्या आलेल्या नर्सा, सगळ्यांना सावंतबाईंना काहीतरी ठणकावून सांगायचं असायचं. रेडिओवर भांडता येतं हीच मुळात लोकांना चैन वाटायची.

मार्चपासून सावंतबाईंचा फोन बंद झाला. लोक विचारू लागले तेव्हा मुरलीधरांनी हवेतच उत्तर दिलं, "बाई गावी गेल्यात." मग तेच दर आठवड्याला. मग विचारणारे कमी झाले. मग फोनच आले नाहीत.

गेल्या शनिवारी लाइन उघडून ते सहा मिनिटं एकटेच बोलत होते. आज स्टुडिओत येताना टॅक्सीवाल्याला 'अकरा चाळीसला या नंबरवर फोन करशील का, काहीही बोल' असं सांगावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. टॅक्सीवाला पेशावरचा होता.

"अंदर कौन है? भाईसाब?"

दारात समोरच्या फ्लॅटमधली फिरदोस उभी होती, हातात झारा, खांद्यावर ओढणी. मूळची हैदराबादची, या मजल्यावरची सगळ्यात जुनी रहिवासी. आतली माणसं पाहून ती थबकली.

"अरे, सिद्धांत बेटा! मैं समझी चोर है, रेडिओ लगा के बैठा है."

हसणं झालं, बसा-नको झालं. मग जाता जाता ती थांबली. "एक बात कहनी थी. ये जो आप लोगों का लाल फोन है, हर सैटरडे बजता है. बारा बजे के बाद. बंद घर में. दस-दस, बारा-बारा घंटी. मार्च से सुन रही हूँ."

सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दारापाशी भिंतीवर टांगलेल्या लँडलाइनकडे पाहिलं.

"टेलिमार्केटिंग," सिद्धांत म्हणाला. "ते कनेक्शनही कापायचंय. उगाच एकशे वीस दिरहम, म्हणजे अडीच-पावणेतीन हजार रुपये, दर महिन्याला."

"दहा मिनिटांत आपण फोन लाइन सुरू करतोय," रेडिओतून मुरलीधर म्हणाले.

ते एवढं मराठी फिरदोसला पाठ होतं. तिने झारा दुसऱ्या हातात घेतला. "बस, इसी टाइम पे भाभी आ जाती थी मेरे घर. पानी पीती थी, गला साफ करती थी, और फिर..." ती हसली. "क्या आवाज निकालती थी! मेरा छोटा तो डर जाता था."

"कोण?" अनुपमाने विचारलं.

"रंभा भाभी. और कौन? मेरे ही घर से तो फोन करती थी वहाँ. आपके फोन का नंबर तो अबरार पहचानता था ना." तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "या अल्ला. आप लोगों को नहीं मालूम?"

खोलीत रेडिओ बोलत राहिला. माजी आमदार दशावताराबद्दल भरभरून सांगत होते.

"सावंतबाई?" नागेशकाका म्हणाला. "वहिनी?" आणि मग त्याला आठवलं, वहिनीचं माहेर वेंगुर्ल्याकडचं, आणि माहेरचं आडनाव. तो चाळीस वर्षं तिच्या हातचं जेवला होता आणि हे त्याच्या लक्षातही नव्हतं.

सिद्धांत खुर्चीवर बसला. लग्नाआधी तो याच घरात हा कार्यक्रम ऐकायचा, आणि लग्नानंतर कित्येक वर्षं दर शुक्रवारी जेवायला इथेच यायचा. साडेअकराला आई पदर खोचून उठायची, 'फिरदोसकडे शेवया देऊन येते' म्हणायची आणि अर्ध्या तासाने यायची. त्या वेळात रेडिओवर ती बाई बाबांना नावाने हाक मारून झोडपायची. एकदा त्याने आईलाच सांगितलं होतं, ही सावंतबाई बाबांना नुसती पाण्यात पाहते. आई म्हणाली होती, "हो ना."

"बाबांना माहीत होतं?" तो म्हणाला, आणि प्रश्न किती मूर्खपणाचा आहे ते त्याला लगेच कळलं.

अनुपमा दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होती. या घरात सतरा वर्षं सून म्हणून वावरताना तिने सासूला सासऱ्यांचं नाव घेताना कधी ऐकलं नव्हतं. 'अहो' आणि 'हे'. तिच्या लग्नात बायका उखाण्यासाठी मागे लागल्या तेव्हा सासूबाई लाजून स्वयंपाकघरात पळाल्या होत्या. आणि दर आठवड्याला त्याच बाई सगळ्या आखाताच्या कानावर 'मुरलीधरराव' म्हणत होत्या. एवढं बोलायचं होतं तर घरात का नाही बोलल्या, असं तिला वाटलं. आणि पाठोपाठ, आपण आणि सिद्धांत घरात शेवटचं कधी बोललो, असंही.

"एक कागज भी है," फिरदोस हळूच म्हणाली. "सवाल पहले लिखती थी, मेरे फोन के पास बैठ के. आखिरी वाला वहीं रह गया. अस्पताल जाने के पहले का. मुझे पढ़ना नहीं आता तुम्हारा, पर फेंका नहीं गया."

ईशानी उठली. "कॅन आय सी इट?"

"ईशानी," सिद्धांत म्हणाला, "मी काय सांगितलं? कुणीही फोन करायचा नाही."

"आय सेड सी इट, डॅड."

अनुपमाने दार पूर्ण उघडलं. "जा," ती मुलीला म्हणाली. "नीट वाच. घाई करू नकोस."

"अनुपमा!"

"आईंनी लिहिलंय ते. तू कोण अडवणारा?" ती म्हणाली. सिद्धांतने काकाकडे पाहिलं. एवढा वेळ काका त्याच्या बाजूला होता. नागेशकाकाने उठून रेडिओचा आवाज वाढवला आणि तो पाठ फिरवून उभा राहिला.

फिरदोसच्या पॅसेजमध्ये एका स्टुलावर काळा फोन होता. त्याच्याखाली घडी घालून ठेवलेलं दिनदर्शिकेचं पान होतं, फेब्रुवारीचं. मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या शाईत मोठी, सुटी अक्षरं. ईशानी पाचवीपर्यंत मंडळाच्या मराठी वर्गाला गेली होती, मग बास्केटबॉल सुरू झाला. तिने ओठ हलवत एकदा वाचलं. मग पुन्हा. जोडाक्षरांशी अडत होती.

आजी तिच्याशी बोलायची तेव्हा ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, आणि आजी 'यस, यस' म्हणायची. दोघींचं सगळं चालायचं ते खाण्यावर. आज पहिल्यांदा आजीची पूर्ण वाक्यं तिच्या हातात होती.

"नंबर?" तिने विचारलं.

"मुझे याद है," फिरदोस म्हणाली आणि स्वतःच्या बोटाने दाबला.

"तर मंडळी, लाइन खुल्या आहेत," मुरलीधर म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा बेचाळीस. घारेसाहेबांनी मोबाईल काढला होता. "साहेबांना काही विचारायचं असेल, सांगायचं असेल... आज शनिवार, सुट्टी आहे सगळ्यांना."

अकरा चव्वेचाळीस. अबरार खाली मान घालून बसला होता.

रेडिओवर शांतता फार मोठी वाटते. मुरलीधरांनी पाणी घेतलं. 'सतरंजी' उचलायची वेळ झाली असं एक वाक्य त्यांनी रात्री लिहून ठेवलं होतं, ते समोर होतं. ते त्यांनी हातात घेतलं.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. अबरार उभा राहिला होता. तो समोरच्या पडद्याकडे बोट दाखवत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मुरलीधरांच्या बाजूलाही तसाच छोटा पडदा होता. लाइन दोन लुकलुकत होती. अबरारने अकरा वर्षांपूर्वी जे नाव त्या नंबरला दिलं होतं तेच आलं होतं, इंग्रजी अक्षरांत. सावंतबाई, शारजा.

आठ महिने ज्या लाइनकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, ती पेटली होती, आणि एक क्षणभर त्यांना वाटलं की सगळंच खोटं होतं, हॉस्पिटल, ते फॉर्म, विमानातली ती पेटी. वाटलं आणि गेलं. अबरारने विचारण्यासाठी अंगठा वर केला. मुरलीधरांनी मान हलवली.

"हॅलो," एक कोवळा आवाज म्हणाला. "मी... शारजाहून बोलते. माझा प्रश्न नाही. सावंतबाईंचा आहे. मी फक्त वाचते."

"वाचा," ते म्हणाले. नातीचा आवाज त्यांनी पहिल्याच शब्दाला ओळखला होता.

"मुरलीधरराव. तुम्ही प्रत्येक पाहु... पाहुण्याला शेवटी विचारता, गावी परत कधी जाणार. अठरा वर्षं विचारताय. तुम्हाला कुणी विचारलं नाही. मी विचारते. तुम्ही कधी जाणार? आणि..." ती अडली. कागदाचा आवाज आला. "आणि जायचं की नाही, हे घरी विचारलंत का?"

रोल्लातल्या खोलीत नागेशकाका रेडिओजवळ सरकला. सिद्धांतचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"धन्यवाद," मुरलीधर म्हणाले. घारेसाहेबांनी मोबाईल उलटा ठेवला.

"मंडळी, मी तुमच्याशी खोटं बोललो," ते म्हणाले. "सावंतबाई गावी गेल्यात असं तुम्हाला सांगत आलो. त्या अकरा मार्चला गेल्या. वारल्या. सावंतबाई माझी बायको. तिचं नाव रंभा. रंभा मुरलीधर नवाथे." त्यांनी माईक जवळ ओढला. "घरी आम्ही फारसं बोलायचो नाही. भाजी, औषध, लाइट बिल. जे बोलायचं ते ती इथे बोलायची आणि मी इथे ऐकायचो. घरी गेल्यावर आम्ही दोघंही त्याचा विषय काढत नसू. का नाही, ते मला आज सांगता येणार नाही. लाज वाटायची बहुतेक. वय झालेल्या नवराबायकोला एकमेकांशी बोलायची लाज वाटते, हा केवढा मूर्खपणा आहे."

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला.

"बाईंनी विचारलंय, घरी विचारलंत का. नाही. राहून गेलं. चाळीस वर्षं तिला इथे ठेवलं आणि तुला परत जायचंय का, एवढं एकदाही विचारलं नाही. आणि परत कधी जाणार, तर मला एवढ्यात जायचं नाही. ती इथे होती. या शहरात तिला फोन करता यायचा. मला फार एकटं वाटतं, मंडळी, आणि मला जायचं नाही. दोन्ही खरं आहे."

अबरारला यातलं अक्षर कळलं नव्हतं. तरी तो डोळे पुसत होता, आणि पुसता पुसता त्याने एक बोट वर केलं. मग दोन. लाइन एक आणि लाइन तीन.

"हॅलो साहेब, अजमानवरून अरुण बोलतोय. शटरिंगला आहे मी. बाईंनी मला दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं, आईला शेवटचा फोन कधी केलास. मी रागाने ठेवला होता. तेव्हापासून रोज करतो. ते सांगायचं होतं बाईंना. तुम्ही गावी गेल्या म्हणालात, म्हणून म्हटलं येतील परत."

त्याच्यानंतर एक नर्स. मग एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना सावंतबाईंचं एस्टीचं वेळापत्रक चुकीचं होतं हे अजूनही सिद्ध करायचं होतं. बारा वाजायला एक मिनिट असताना तीनही लाइनी पेटलेल्या होत्या. मुरलीधरांनी एका दमात आभार, नमस्कार, पुढच्या शनिवारचे पाहुणे सगळं म्हणून टाकलं. 'सतरंजी' उचलायचं ते वाक्य वाचायचं राहिलंच.

ईशानी परत आली तेव्हा तिच्या हातात कागद होता. तिने तो बापाकडे न देता काकाआजोबांकडे दिला. नागेशकाकाने तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "सिद्धांत, काँट्रॅक्ट रिन्यू कर. मी दर गुरुवारी संध्याकाळी येत जाईन. राहायला. दादा नको म्हणाला तरी."

"तुमच्या सासूबाई?"

"त्यांची मुलगी आहे ना घरी."

सिद्धांतने बॅग पायाशी ओढली. प्लॅनिंगची फाइल त्याच्या बॅगेतच होती. त्याने तीन आठवडे रोज स्वतःला सांगितलं होतं की हे बाबांसाठी आहे. इथे आलं की आईशिवायचं हे घर दिसतं आणि ते आपल्याला सोसत नाही, एवढंच खरं होतं, आणि त्याने ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याने अनुपमाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच पाहत होती, रागाने नाही.

तेव्हा लाल फोन वाजला.

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. दारात फिरदोस आली आणि तिने नुसता हात करून दाखवला, हाच. दुसरी घंटी. तिसरी. सिद्धांतला एकदम आठवलं. त्या सगळ्या शुक्रवारी, कार्यक्रम संपला की हा फोन वाजायचा. आई हात पुसत यायची आणि उचलायची, आणि तो ताटावर बसल्या बसल्या तिची बाजू ऐकायचा. पलीकडे बाबा काय म्हणायचे ते त्याला कधी ऐकू आलं नव्हतं.

पाचवी घंटी. रिकाम्या घरात वाजवण्यासाठीच केलेला फोन, कुणी उचलेल अशी अपेक्षा नसलेला.

त्याने उचलला. पलीकडे स्टुडिओच्या पॅसेजमधला कूलर घरघरत होता आणि कुणीतरी श्वास रोखून धरला होता.

'हॅलो' त्याच्या तोंडाशी आलं होतं. ते त्याने म्हटलं नाही. आई कधी म्हणायची नाही, एकदम मुद्द्यालाच हात घालायची.

"शेवटी घाई केलीत," सिद्धांत म्हणाला.

पलीकडून बाबा म्हणाले, "वेळ संपत आली होती रे."

"पाणी प्या. आणि येताना कोथिंबीर आणा."

पलीकडे मुरलीधर नवाथ्यांनी नाक ओढलं. घसा साफ केला. बोलले तेव्हा आवाज रेडिओवरचा नव्हता, घरातला होता.

"कितीजण आहात?"

सिद्धांतने मागे वळून पाहिलं आणि मोजलं, फिरदोसलाही धरून.

"पाच," तो म्हणाला. "तुम्ही आलात की सहा."